धवल्यातलं माझं नाव

माझी आत्या धवलारीण होती. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीला धवले गायला बाई लागते, ती ही. उरणच्या आसपासच्या चार गावांतल्या कितीतरी मुली तिच्या आवाजात सासरी गेल्या. आई लवकर गेल्यामुळे मलाही तिनेच वाढवलं.

ती होती तेव्हा तिचं गाणं कुणी मन लावून ऐकलं असेल तर शपथ! ती पाटाशी बसून सूर लावायची आणि इकडे डीजेवाल्याचं ‘हॅलो, हॅलो, चेक’ सुरू. बायका एकमेकींच्या साड्या चाचपायच्या. फोटोवाला तर तिला खुशाल बाजूला सरकवायचा. मी चिडले की म्हणायची, “गाना पोरीसाठी हाय, त्यांच्यासाठी न्हाय.”

गेल्या वर्षी ती गेली. सगळे धवले तिला तोंडपाठ होते. कुणी लिहून घेतले नाहीत, शिकायला कुणी बसलं नाही. मीही नाही. उरलं ते एकच रेकॉर्डिंग, माझ्या हळदीचं, माझ्या फोनमधलं. आता मांडवात ते लागलं की डीजे बंद होतो. लोक चपला काढून उभे राहतात, डोळे पुसतात. “काय आवाज होता!” म्हणतात. सुरुवातीला मला बरं वाटायचं. मग संताप यायला लागला. ती समोर बसून गात होती तेव्हा हे कान कुठे गेले होते?

धवल्यात नवरीचं नाव गुंफतात. त्यामुळे त्या रेकॉर्डिंगमध्ये माझं नाव पुन्हा पुन्हा येतं. लग्न माझं चार वर्षांत मोडलं आणि मी आत्याच्या घरी परत आले. आता तिथे एकटीच असते. कंटेनर यार्डातल्या ऑफिसात मला सगळे मॅडम म्हणतात, घरी हाक मारायला कुणी नाही. म्हणून भात लावताना मी ते रेकॉर्डिंग लावून ठेवते. एकदा तिच्या तोंडून नाव आलं आणि मी चक्क ‘ओ’ दिली. मग तिथेच ओट्याला टेकून रडले.

दिवाळीनंतर चुलतभाऊ आला. लेकीचं लग्न ठरलं होतं.

“आवाज आत्याचाच पायजे,” तो चहाच्या कपात बघत म्हणाला. “पन तुजा नाव तेवढा कापून घेऊ का? शुभकार्य हाय. तू वाईट नको वाटून घेव.”

वाईट वाटायचं काय राहिलं होतं त्यात! नाही म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण भाचीच्या लग्नात अपशकुन म्हणून मला मिरवायचं नव्हतं. “काप,” मी म्हणाले.

हळदीच्या दुपारी स्पीकरवर आत्या गायला लागली. माझ्या नावाच्या जागी क्षणभर शांतता यायची आणि बायका त्या जागी भाचीचं नाव घ्यायच्या. कुणी अडखळलं नाही, कुणाला चुकल्यासारखं वाटलं नाही. मी मागच्या खुर्चीत बसून होते.

आजवर सगळ्यांना मी रेकॉर्डिंगचा पहिला अर्धाच भाग दिला होता. भावाने अख्खं मागितलं आणि नाव जाणार या दुःखात मी ते तसंच देऊन टाकलं. पुढे काय आहे, याचा विचारच केला नाही.

शेवटच्या धवल्यात आत्या दम घ्यायला थांबली. सगळा मांडव स्तब्ध होता. तेवढ्यात स्पीकरमधून एका तरुण पोरीचा कुरकुरता आवाज आला, “आत्या, आटप गं आता! पार्लरवाली कधीची थांबलीय.”

आत्याने पुढच्या ओळी भराभर म्हणून टाकल्या आणि गाणं संपलं.

माझ्या शेजारची म्हातारी डोळे पुसता पुसता थांबली. “कोन गो ही मेली? बाईला सुखानं गाऊ पन देत न्हाय!”

“माहीत न्हाय,” मी म्हणाले.