मागच्या सीटचं वजन

वजनकाटे दुरुस्त करण्यात ज्यांची पस्तीस वर्षं गेली, त्यांना सगळे ‘काटेवाले’च म्हणत. सोनाराच्या काचेतल्या काट्यापासून ट्रक उभा राहतो त्या लोखंडी फळीपर्यंत, कुठलाही काटा खोटं बोलायला लागला की बोलावणं यांनाच. भाजीची पिशवी नुसती हातात तोलून ते वजन सांगत. पन्नास ग्रॅमची चूक निघाली तर दिवसभर चुटपुट लागे.

चैन म्हणाल तर एकच, क्रूझर मोटरसायकल. लांबुळकी, बसकी, पाय पुढे टाकून आरामखुर्चीत बसल्यासारखी चालवायची. सुट्टी असली की बायको मागे बसायची आणि दोघं दूरवर हिंडून यायची. पण वर्षभरापासून तिनं मागे बसणं सोडलं होतं. “खड्डा आला की कमरेतून थेट कवटीत जातो. तुम्ही जा, मी घरीच बरी.”

एकट्यानं हिंडण्यात काटेवाल्यांचं मन रमेना. शेवटी ते तिला घेऊन गॅरेजात गेले. गॅरेजची मालकीण स्वतःच मिस्त्री होती. तिनं हवेच्या सस्पेन्शनचे दोन प्रकार फळीवरून काढून समोर ठेवले. दोन्हींत पोलादी स्प्रिंगच्या जागी जाड रबरी पिशवी, आणि धक्का झेलायचा तो पिशवीतल्या हवेनं. एकात हातपंपानं हवा भरायची, पंप काढायचा, विषय संपला. दुसऱ्यात सीटखाली छोटा कॉम्प्रेसर आणि हँडलवर बटण; दाबाल तशी हवा कमीजास्त.

“हातपंपाचाच द्या,” काटेवाले म्हणाले. “आमची वजनं काय रोज बदलतात? आणि जितके भाग जास्त तितकी दुखणी जास्त.”

“काका, आधी बसून तर बघा. माझ्या गाडीला तोच बसवलाय. तुमची दोघांची वजनं सांगा, तक्त्याप्रमाणे हवा भरते.”

“माझं ऐंशी, हिचं एकाहत्तर.”

बायको भिंतीवरच्या आरशांकडे बघत म्हणाली, “तेवढंच असेल.”

हवा भरली. गाडीचं मागचं अंग कुठवर दबायला हवं तिथं मालकिणीनं खडूनं रेघ मारली. दोघं बसली. गाडी दबली, पण रेघेच्या बोटभर वरच थांबली. मालकिणीनं त्यांना उतरवून हवा पुन्हा मोजली, पुन्हा बसवलं. पुन्हा बोटभर वर.

“माझं मीटरच बिघडलंय वाटतं,” ती म्हणाली.

मीटर बिघडलंय म्हटल्यावर काटेवाले थोडेच गप्प बसतात! बायकोला पंख्याखाली खुर्ची दिली आणि ते आपल्या व्हॅनमधून प्रमाणित वजनं घेऊन आले. मागच्या सीटवर एकाहत्तर किलो बांधून स्वतः पुढे बसले. गाडी दबत दबत बरोबर रेघेवर टेकली. मीटर चोख होतं. मग ते एकेक वजन उतरवत गेले आणि मालकीण मापत राहिली. बोटभर वर येईपर्यंत सीटवर अठ्ठावन्न किलो उरले होते.

“म्हणजे काकूंचं...” मालकीण म्हणाली. काटेवाल्यांनी हातानंच तिला थांबवलं.

तेरा किलो. त्यांनी पंख्याखाली बसलेल्या बायकोकडे नजर टाकली. ब्लाउज अंगाला चपखल होता, कारण सगळे कपडे तिनं स्वतःच शिवण मारून आत घेतले होते. कित्येक दुपारी शिवणयंत्राचा आवाज त्यांनी ऐकला होता आणि काय शिवतेस म्हणून एकदाही विचारलं नव्हतं. जगाच्या काट्यांचे दोष काढत फिरलो आणि आपल्या घरात डोळ्यांवर कातडं ओढून बसलो, असं त्यांना वाटलं.

घरी आल्यावर त्यांनी विचारलं, “कधीपासून?”

काय ते तिला लगेच कळलं. “वर्ष होऊन गेलं. छाती धडधडते, हात थरथरतात. कमरेचं मी आपलं सांगत होते. खरं तर तेवढा वेळ बसवतच नव्हतं.”

“मला सांगायचंस तरी.”

“बघितलं असतंत तर सांगावं लागलं नसतं.” मग आवाज खाली आला. “भीती वाटत होती हो. घरात अकरा काटे पडलेत, एकावर पाय ठेवला नाही. आकडा दिसला की मग ते खरं झालं, असं वाटायचं.”

काटेवाले तिच्याजवळ जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी दवाखाना. रक्त दिलं, तपासण्या झाल्या, आणि रिपोर्ट येईपर्यंतचे नऊ दिवस दोघांनाही अन्न गोड लागलं नाही. निघालं ते थायरॉइड. गळ्यातली ग्रंथी नको इतकी कामाला लागली होती. “गोळ्यांनी ताळ्यावर येईल,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “पण वेळ लागेल. वजन हळूहळू भरेल. घाई करू नका.”

घाई त्यांनी केली नाही. बायकोचे हात स्थिरावले, रात्रीची झोप लागू लागली, तेव्हा तीन महिन्यांनी ते गॅरेजात गेले.

“बटणवाला बसवा,” ते म्हणाले.

“काका, तुम्ही तर म्हणाला होतात, वजनं काय बदलतात...”

“चुकलो होतो. शिवाय हवा सोडली की गाडी खाली बसते ना? तिला टांग टाकायला सोपं जाईल.”

पहिली सफर मुलीच्या गावची, तीन तासांची. रस्ता खराब लागला तसं बायकोनं खांद्यावर थोपटलं. “कडक वाटतंय.” त्यांनी बटण दाबलं. “आता?” “अजून थोडं.” धक्के मऊ झाले. वाटेत एका टपरीवर चहाला थांबले, तेव्हा ती आपणहून बोलायला लागली. त्या महिन्यांत तिच्या मनात काय काय येऊन गेलं, कुणाकुणाची काळजी वाटली, मुलीला पत्र लिहून कसं फाडून टाकलं. काटेवाले ऐकत राहिले. मुलीचे दोन फोन येऊन गेले, चहा केव्हाच संपला होता. त्यांनी टपरीवाल्याला आणखी दोन सांगितले.