मिठागरावरचा म्हातारा पिक्चरमध्ये नव्हता

आमच्या गावात त्या पुस्तकांचे चाहते पुष्कळ होते आणि त्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं. शहरातली माणसं हे ऐकून हसतात, म्हणून आधीच सांगून टाकते. उरणच्या एस.टी. स्टँडवरच्या पेपरवाल्याकडे ती पातळ, रंगीत कव्हरांची पुस्तकं यायची. एक भाग आला की पुढचा कधी येईल याचा नेम नसायचा. समुद्राखाली बुडालेलं एक राज्य, ते पुन्हा वर आणायला निघालेला राजपुत्र आणि त्याच्या वाटेत आडवी येणारी चेटकीण, असा सगळा मामला. माझी आत्या ती पुस्तकं आणायची आणि आमच्या ओटीवर बसून मोठ्यानं वाचायची. मोरा बंदराच्या अलीकडे, खाडीला लागून आमचं गाव. पुरुषमंडळी पहाटे मिठागरावर जात, ऊन चढलं की परत येत, जेवून ओटीवर आडवी होत. वाचन तेव्हा चालायचं.

आत्याला नवऱ्यानं टाकलं होतं. का, ते मला कुणी कधी सांगितलं नाही आणि तिला विचारायची माझी छाती झाली नाही. ती भावाच्या घरी आली ती राहिलीच. सातवीपर्यंत शिकलेली, गावातल्या तिच्या वयाच्या बायकांत एकटीच. पण त्या शिक्षणाला विचारतो कोण? कुणाच्या घरी हळद असली की तिला मागच्या दारी भांड्यांवर बसवत. घरात माझी आई तिला वाईट वागवायची असं नाही, पण भाताचं पातेलं उतरवायला सांगतानासुद्धा तिच्या आवाजात उपकार असायचे. बाबा तर दिवसभर बहिणीशी शब्द बोलत नसत. दुपारी मात्र ते कोपरावर डोकं टेकून म्हणायचे, "वाच गो बाय." मग दहा-पंधरा माणसं गप्प. कुणी तिला पाणी आणून देई, कुणी पंख्यानं वारा घाली. दिवसातला तेवढाच वेळ आत्या त्या घरात पाहुणी नसायची.

आता तिची वाचायची तऱ्हा सांगते. आमची आजी धवलारीण होती, म्हणजे लग्नात धवले गाणारी. धवल्यांमध्ये देव येतात, पण ते येतात नवरीच्याच मांडवात. तिच्याच मामाच्या विहिरीचं पाणी पितात, तिच्याच काकाच्या बैलगाडीत बसतात. ज्या घरचं लग्न त्या घरची माणसं गाण्यात घालायचीच असतात. एखादा चुलता राहिला तर तो जेवायला बसत नाही. आत्याला आजीचा गळा मिळाला नाही, पण ही सवय मिळाली. पुस्तकातलं शुद्ध मराठी ती वाचता वाचताच आमच्या बोलीत फिरवायची आणि कथेतला समुद्र सरळ आमच्या खाडीत आणून सोडायची. चेटकीण खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीत राहायची. बुडालेल्या राज्याचा कळस ओहोटीला करंजा बंदराच्या बाजूला दिसायचा. राजपुत्र चिखलात कमरेपर्यंत रुतला की त्याला वाट दाखवायला मिठागरावरचा म्हातारा यायचा.

हा म्हातारा म्हणजे आमचा जीव की प्राण. कमरेला फडकं, कानाला विडी, तोंडात शिव्या. राजपुत्राला तो अजिबात भीक घालायचा नाही. "राजाचा पोर हायस ना? मंग चिखलान चालाला नाय शिकवला तुना बापसान?" असं तो म्हणाला की ओटीवर हशा पिकायचा. निवट्या, म्हणजे चिखलातले ते छोटे मासे, कुठे उड्या मारतायत ते बघून कुठला चिखल पाय धरतो आणि कुठला गिळतो हे त्याला कळायचं. राजपुत्राच्या तलवारीनं काही होत नसे, म्हाताऱ्याच्या अकलेनं होई. प्रत्येक भागात तो कुठे ना कुठे यायचाच, आणि यायला उशीर झाला तर कुणीतरी ओरडायचं, "म्हातारा कवा येतं?" आत्या पान उलटून म्हणायची, "धीर धर, ओहोटी लागूं दे."

मला वाचता येत होतं, पण ती पुस्तकं मी कधी उघडली नाहीत. ऐकायला मिळत असताना वाचायचं कशाला? शिवाय ती आत्याच्या पेटीत असायची.

मग पिक्चरची बातमी आली. त्या पुस्तकांवर रंगीत पिक्चर निघतोय म्हणे. गावात दुसरा विषय उरला नाही. राजपुत्राचं काम कोण करणार यात कुणाला फारसा रस नव्हता, कुणीही गोरागोमटा चालेल. भांडण म्हाताऱ्यावरून होतं. एक जण म्हणे, तो शहरातला नट मिठागराच्या चिखलात उभा राहील का? दुसरा म्हणे, त्यापेक्षा आमच्यातलाच कुणी नेला असता तर फुकट काम केलं असतं. बाबांना वेगळीच आशा होती. तेव्हा नव्या शहरासाठी जमिनी चालल्या होत्या. नोटिसा येत होत्या, आमच्या मिठागराच्या कडेला खुंट्या ठोकल्या होत्या, पलीकडे मुरमाचे ट्रक रिकामे होत होते. बाबा म्हणायचे, "पिक्चर आला का सगल्या मुंबईला कललं मिठागर कय असतं ते. मंग बगू कोन बुजवतं." मला आज हे लिहिताना रडू येतं. पिक्चरनं मिठागर वाचतं असं मानणारा माझा बाप काही खुळा नव्हता, त्याच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं.

उरणच्या हायस्कुलात माझ्या बाकावर एक मुलगी बसायची. तिचं कुटुंब मराठवाड्यातून आलेलं, वडील नव्या वसाहतीच्या कचेरीत कारकून. पुस्तकांचे तोवर आलेले सगळे भाग तिच्याकडे होते, खाकी कागदाची कव्हरं घातलेले. मधल्या सुट्टीत आम्ही दोघी पिक्चरवर बोलायचो. एकदा मी विचारलं, म्हाताऱ्याचं काम कोण करेल?

"कुठला म्हातारा?" ती म्हणाली.

"मिठागरावरचा."

"असं कुणी नाहीच त्यात."

मी तिला म्हटलं, तू नीट वाचलं नाहीस. ती म्हणाली, मी प्रत्येक भाग दोनदा वाचलाय. मी म्हटलं, मग तुझी पुस्तकं खोटी आहेत. आम्ही बरेच दिवस एकमेकींशी बोललो नाही. घरी येऊन मी आत्याला सांगितलं. ती बोंबील साफ करत होती. तिनं मान वर न करता म्हटलं, "तिच्या पुस्तकान नसंल." मला ते पटलं. त्या मुलीच्या घरच्या लग्नातल्या गाण्यांत आमच्या मामाची विहीर कशी असेल?

पिक्चर उरणच्या टॉकीजला लागला तेव्हा आमची अख्खी ओटी टेम्पो करून गेली. आत्यानं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. नको नको म्हणत होती, डोकं दुखतंय म्हणाली, पण बाबांनी ऐकलं नाही. "तुज्याशिवाय कसा जाव? तू नाय तं आमाला कोन सांगतं?" असं ते चारचौघांत म्हणाले. थेटरात बायकांनी तिला मधोमध बसवलं. ज्या बायका तिला मागच्या दारी बसवायच्या त्याच. ती पडद्याकडे बघतच नव्हती, मांडीवरच्या हातांकडे बघत होती. मला वाटलं, खरंच डोकं दुखतंय.

पिक्चर तसा चांगला होता असं म्हणतात. मला आठवतं ते निळं कापड हलवून केलेलं पाणी आणि मोठमोठे खडक. चिखल कुठे नव्हताच. पाणी दिसलं की बाबा शेजारच्याला कोपरानं ढोसायचे, "आता येल." राजपुत्र खडकांवरून उड्या मारत पलीकडे गेला. बाबा म्हणाले, "परत येतांना येल." चेटकीण मेली, राज्य वर आलं, फुलं पडली. दिवे लागले. लोक उठून निघाले. आमच्या दोन रांगा तशाच बसून राहिल्या.

दारावरचा माणूस आला. "उठा, संपला."

"म्हातारा कुठं हाय?" बाबांनी विचारलं.

"कोण म्हातारा?"

"मिठागरावरला. तू रील कापलंस." बाबांचा आवाज चढला. "आमी अडानी हाव म्हनून कापलंस. सगला दाखव, नायतं आमी उठनार नाय."

दारावरचा माणूस हसायला लागला. बाहेर पडणारी माणसं थांबून बघायला लागली. वसाहतीतली बरीच कुटुंबं होती, पोरांना घेऊन आलेली. त्यांतले एक चष्मेवाले गृहस्थ पुढे आले. ते खरंच सभ्यपणे बोलले, मला त्यांचा राग येत नाही. म्हणाले, "काका, पिक्चरवाल्यांनी काही कापलेलं नाही. पुस्तकातच असं कुणी नाही."

बाबा आत्याकडे वळले. "बाय, सांग याना."

आत्यानं मान आणखी खाली घातली.

"सांग ना गो. कंच्या भागान कय म्हनलं तो, सांग. तोंडपाठ हाय तुना."

आत्यानं पदर तोंडाशी नेला. बाबा तिच्याकडे बघत राहिले आणि त्यांना कळलं. आमच्या दोन्ही रांगांना कळलं. मागे कुणीतरी पोरगं हसलं. ते बाबांना हसलं की दुसऱ्याच कशाला, कोण जाणे. बाबा उठले आणि कुणाकडे न बघता बाहेर गेले.

आम्ही टेम्पोत बसलो. गाव जवळ आल्यावर एक बाई म्हणाली, "म्हंजे येवरं दिस आमाला फसवलं." बाबा म्हणाले, "सगल्या उरनान माजा हसा केलास." बस, एवढंच. त्यानंतर ते तिला वाच म्हणाले नाहीत.

मला त्या सगळ्यांचा राग येतो, अजून येतो. लग्नात देव तुमच्या काकाच्या बैलगाडीत बसतो तेव्हा तुम्हाला कुणी फसवत नाही. तिथे तुम्ही माना डोलावता, धवलारणीला लुगडं देता. आणि माझ्या आत्यानं तुमच्या चिखलातल्या माणसाला राजपुत्राच्या बरोबरीला नेऊन बसवलं तर ती खोटारडी. पण राग शांत झाला की मला त्यांचंही कळतं. त्या वर्षांत छापलेल्या कागदांनी त्यांच्या जमिनी नेल्या होत्या. रडलं, भांडलं, पाया पडलं तरी छापलेलं बदलत नाही, एवढंच गाव नुकतं शिकलं होतं. मग छापलेल्यात आपण होतो असं ज्या बाईनं सांगितलं, तिला ते कसे माफ करणार?

पिक्चरनं गोष्ट आधीच संपवली होती, पुस्तकाचा शेवटचा भाग पुढच्या वर्षी आला. आत्यानं तो आणला आणि दुपारी ओटीवर बसून उघडला. कुणाला बोलावलं नाही. तीन-चार जण सवयीनं आले. बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले, पण जागे होते. आत्यानं वाचायला सुरुवात केली आणि मला तिचा आवाज ओळखू येईना. जसं छापलं होतं तसं ती वाचत होती. 'आहे', 'नाही', 'तदनंतर', 'हे राजपुत्रा'. अवघड शब्दाला अडखळायची, परत मागे जाऊन नीट म्हणायची, बोट ओळीवरून सरकवायची. समुद्र कुठला तरी लांबचा होता. थोड्या वेळानं एक जण उठला, मग दुसरा. बाबा घोरायला लागले. मी म्हटलं, "आत्ये, पयल्यासारखं वाच ना." ती म्हणाली, "हाय तसाच वाचते. आता कोनी म्हनाला नको." तिनं ते पान संपवलं आणि पुस्तक मिटलं. तो भाग तिनं पुरा केला की नाही, मला माहीत नाही.

मिठागराची बांधबंदिस्ती फोडली गेली, भराव पडला. बाबांना एका गोदामावर रखवालदारी मिळाली. खुर्चीवर बसून ते दिवसभर रस्त्याकडे बघायचे. घरात पैसा कमी पडायला लागला तशी आत्या वसाहतीत धुणीभांडी करायला जाऊ लागली. आईला ते बरंच वाटलं असावं. आत्याला काय वाटलं ते तिनं सांगितलं नाही.

एकदा आईला ताप भरला म्हणून मला आत्याला कामावरून बोलवायला पाठवलं. तळमजल्यावरचं घर, दार उघडंच होतं. आत्या कपाटाची काच पुसत होती. आत त्या पुस्तकांचा पुरा संच नीट लावून ठेवलेला. घरातली दोन मुलं सतरंजीवर पडून पिक्चरवर भांडत होती. पुस्तकातली चेटकीण जास्त भयानक आहे असं एकाचं म्हणणं, पिक्चरमधली, असं दुसऱ्याचं. त्यांची आई माझ्या आत्याच्याच वयाची होती, चेहऱ्यानं प्रेमळ. आत्याचा हात पुस्तकांपाशी थांबलेला तिनं पाहिला असावा.

"बाई, तुम्हाला वाचता येतं का?" तिनं विचारलं. "येत असेल तर न्या हो एखादं. पोरांचं सगळं वाचून झालंय."

"नाय वो बाय," आत्या म्हणाली. "मना कुठला येतं वाचाला."

तिनं काच शेवटपर्यंत पुसली, दार लावलं आणि मग मला पाहिलं. मी काही बोलू नये म्हणून तिनं फक्त मान हलवली. त्या बाईंनी मला आत बोलावलं आणि सरबत घेशील का म्हणून विचारलं.