बबनरावांची तारीख

आमच्या भाईंदरच्या सोसायटीत बबनरावांना आनंदाची बातमी सांगायला कुणी जात नसे. आनंदावर पाणी ओतण्यात हा माणूस पटाईत. नोकरीच तशी होती: बांधकाम कंपनीत ठरलेलं काम आणि झालेलं काम ताडून पाहायचं आणि तारीख पुढे ढकलायची. निवृत्त झाले, तरी खोड गेली नाही.

आमची बिल्डिंग पुनर्विकासाला गेली आणि आम्ही सगळे भाड्याच्या घरांत पांगलो. बबनराव आणि मनोरमावहिनी मुर्ध्याला राहायला गेले. नव्या इमारतीचा एकेक स्लॅब टाकला की आम्ही साइटवर जमून पेढे वाटायचो. शेवटच्या स्लॅबला बिल्डरने ढोल आणला आणि जाहीर केलं, "नव्वद टक्के काम झालं. गणपती नव्या घरात!" आम्ही टाळ्या पिटल्या.

तेवढ्यात बबनराव सगळे मजले फिरून खाली आले. मी सेक्रेटरी, म्हणून मलाच गाठलं. "सांगाडा उभा राहिलाय, घर नाही. पाइप नाहीत, वायरिंग नाही, लिफ्टचा पत्ता नाही. आणि माणसं किती कामाला आहेत बघितलंत? या स्पीडने अजून दोन वर्षं धरा."

"पेढा खा आणि गप्प बसा हो!" मी खेकसलो. ते खरं बोलतायत हे दिसत होतं, म्हणूनच जास्त राग आला. त्यांनी पेढा वहिनींसाठी रुमालात बांधून घेतला.

दर महिन्याला ते साइटवर जात आणि नवा अंदाज सांगत. तारीख कधी अलीकडे आली नाही. वहिनींनाही त्यांनी त्यातून सूट दिली नाही. त्या बिचारीला दुसरं काही नको होतं, फक्त आपल्या जागी, आपल्या माणसांत परत यायचं होतं. "कधी हो?" त्या विचारत. "पुढचा पावसाळा जाईल. तेही मजूर वाढवले तर," हे उत्तर ठरलेलं.

यंदा श्रावणात वहिनींनी अंथरूण धरलं. मी भेटायला गेलो तेव्हा बबनराव औषधं आणायला गेले होते. वहिनींचा चेहरा पार उतरला होता.

"भावजी, काम जोरात चाललंय म्हणे. दिवाळी नव्या घरात, हे म्हणाले."

मी साइटवरूनच येत होतो. गेटला कुलूप होतं, मजूर केव्हाच दुसऱ्या कामावर गेले होते. "हो ना, एकदम जोरात," मी म्हणालो.

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. "आख्ख्या संसारात यांनी मला कधी जवळची तारीख दिली नाही. काल माझे रिपोर्ट घेऊन आले आणि दिवाळी म्हणाले." त्यांनी दाराकडे नजर टाकली. "डॉक्टरांनी दिवाळीच्या अलीकडचं सांगितलंय ना, भावजी?"

जिन्यात बबनरावांच्या चपला वाजल्या. वहिनींनी घाईने डोळे पुसले.

"अहो, आलात? बरं झालं," त्या म्हणाल्या. "नव्या घराला पडदे कुठल्या रंगाचे घ्यायचे, तेच बोलत होतो आम्ही."