अकराव्या पायरीवरचा ठिपका

प्रिय रेवा आणि ईशान,

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्हाला गच्चीतला मोगरा दाखवला आणि फोन तसाच हातात धरून मी जिना उतरत होते. जिन्यातला दिवा लावलेला नव्हता. तेव्हा रेवा, तू विचारलंस, "आजी, खाली ते हिरवं काय चमकतंय?" मी "काही नाही गं" म्हणून विषय बदलला. पण तुला ते इतक्या लांबून, फोनमधून दिसलं! म्हणजे तो माझ्या डोळ्यांचा दोष नाही. म्हणून आजच लिहायला बसले.

आधी एक सांगते. तीस वर्षं मी शाळेत इंग्रजी शिकवलं. उतारे, लिंबू-मिरच्या, अंगात येणं — माझा कशावरच विश्वास नव्हता. राजारामपुरीतल्या आमच्या गल्लीत कुणाच्या अंगात आलं, की मी खिडकी लावून पेपर तपासत बसायचे.

दुसरं जरा अवघड आहे. वरच्या खोलीतल्या फोटोतली बाई आजोबांची बहीण नाही. तसं तुम्हाला मीच सांगितलं होतं. ती सुमन — त्यांची पहिली बायको. लग्नानंतर तीन वर्षांत तापानं गेली, बावीस वर्षांची होती. दोन वर्षांनी मी या घरात आले. तेव्हापासून दरवर्षी अविधवा नवमीला तिच्या नावानं सवाष्ण जेवायची आणि पुरण मी वाटायचे. जिवंत सवत असती तर भांडता तरी आलं असतं... ही कधी म्हातारी झाली नाही, कधी चुकली नाही, कधी हिच्या भाजीत मीठ जास्त पडलं नाही.

आता रंगाची गोष्ट. आजोबांना काचबिंदू झाला आणि अंधुक उजेडात काही दिसेना. मी लक्ष्मीपुरीतून अंधारात चमकणाऱ्या रंगाची एक स्वस्तातली बाटली आणली. सगळे त्याला रेडियम म्हणतात, पण त्यात रेडियम नसतं. दिव्याचा उजेड शोषून घ्यायचा आणि अंधारात थोडा वेळ परत द्यायचा, एवढंच त्याचं काम. माझी बाटली स्वस्त, त्यामुळे तिचा रंग अर्ध्या तासात विझायचा. मी वहीत यादी केली — काठी, टॉर्च, चष्म्याची डबी, औषधांचा डबा, पाण्याचा तांब्या, चपला, किल्ल्या, कड्या, बटणं. पेनाचं टोपण रंगात बुडवून सगळीकडे एकसारखे गोल ठिपके छापले.

कामाला येणारी शेवंता बघतच राहिली. "काय ओ काकू, घराला कांजिण्या आल्यात जणू! आता सायबांच्या टकलावर बी एक लावा, म्हंजे हुडकाय नको."

आजोबा खो-खो हसले.

शेवटी जिना घेतला. आपल्या जिन्याला खिडकी नाही, भर दुपारीही तिथं अंधार. पायऱ्या अकरा. गवंड्याच्या चुकीनं शेवटच्या पायरीवरून जमीन चार बोटं जास्त खोल आहे, नवखा माणूस तिथं हमखास धडपडतो. मी वरून एकेक ठिपका देत उतरत होते. दहावी पायरी झाली. आजोबा वर कठड्याला धरून उभे होते.

"काय करालीस अजून?"

"तुमच्यासाठीच चाललंय. सगळ्या घराला ठिपके दिले."

"सुमन पण असंच करायची बघ," ते म्हणाले. "घरात नवी वस्तू आली, की आधी बोटानं कुंकू. सायकललासुद्धा लावलं होतं..."

किती प्रेमानं म्हणाले! शेहेचाळीस वर्षं संसार करून, गुडघे दुखत असताना पायरीपायरीवर बसत मी त्यांच्यासाठी रंग लावतेय आणि त्यांना आठवलं काय, तर तिचं बोट.

मी बाटलीचं झाकण लावलं.

"संपला रंग," म्हटलं.

संपला नव्हता. निम्मी बाटली होती. मी झाकणावर चिकटपट्टी लावून, तिच्यावर तारीख घालून बाटली कपाटात ठेवली. किल्ली माझ्या कमरेला. सगळ्यात धोक्याची पायरी मी रागानं कोरी ठेवली. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी चारला लाईट गेली. मी परसात वाळलेले कपडे काढत होते. जिन्यातून काठीचा आवाज आला... टक्... टक्... हाक मारावी तर दचकून तोल जाईल, म्हणून मी कपडे टाकून पळाले, मनात आकडे मोजत. आठ. नऊ. दहा. मी जिन्यापाशी पोचले.

टक्. अकरा. आणि मग सावकाश जमिनीवर पाय.

"बरं झालं खालच्या पायरीला पण लावलंस," आजोबा म्हणाले. "न्हायतर आज कपाळमोक्षच होता."

मी त्यांच्या मागे पाहिलं. दहा पायऱ्यांवर माझे गोल ठिपके. अकरावीच्या कडेवर एक लांबट ठिपका, बोट टेकवून जरा वर ओढल्यासारखा.

"बोटानं लावलायस व्हय?" त्यांनी विचारलं.

मी "हो" म्हटलं.  ते वाकून त्या पायरीकडेच बघत राहिले. मरेपर्यंत त्यांनी माझ्यासमोर सुमनचं नाव पुन्हा काढलं नाही. त्यांना कळलं होतं का? विचारायची माझी हिंमत झाली नाही. तिनं केलेलं काम मी माझ्या नावावर घेतलं होतं.

कपाट उघडून बघितलं. चिकटपट्टी जशीच्या तशी होती, तारखेसकट. शेवंताला विचारलं, तर तीच मला म्हणाली, "मी कशाला लावू? आन् ह्यो तुमचा बी न्हाय, काकू. तुमचं छापल्यावानी असतंय. ह्यो बाईमाणसाच्या बोटाचा हाय की." मी माझं बोट त्यावर ठेवून पाहिलं. माझं रुंद पडलं.

मग, पोरांनो, मी फार वाईट वागले. आजोबा डॉक्टरांकडे गेले होते तेव्हा टर्पेंटाईन आणि पॉलिशपेपर घेऊन बसले आणि ती कड खसाखसा घासली. उजेडात बघितलं तर शहाबादी फरशी स्वच्छ, रंगाचा कण नाही. दिवा घालवला... ठिपका जागच्या जागी! मग जिन्यातला दिवा चार दिवस लावलाच नाही. उजेडाशिवाय असा रंग चमकूच शकत नाही. माझे दहाही मेले. तो नाही.



मागच्या हिवाळ्यात आजोबा गेले. नवरा गेल्यावर अविधवा नवमी करत नाहीत, म्हणून यंदा सुमनचं पान वाढलं नाही. तिला ओळखणारं आता या घरात कुणी नाही. मीसुद्धा तिला पाहिलेलं नाही, फक्त तिचा हेवा केला. तो अजून पुरता गेलेला नाही, खोटं कशाला बोलू? पण उतरताना मी त्या ठिपक्यावर पाय देत नाही, बाजूला देते.

काठी, टॉर्च, चष्म्याची डबी — सगळ्यावरचा रंग उडाला. पायऱ्यांवरचे माझे दहा ठिपके पुसून पुसून गेले. अकरावा आहे.

— तुमची आजी