सेलूचा फलाट

त्या वर्षांत परभणीच्या पोलीस कचेरीत परदेशी नागरिकांची नोंद मी ठेवायचो. लग्न होऊन कराचीला गेलेली एक बाई भावाकडे आली. व्हिसा फक्त परभणी शहराचा, आणि अंथरुणाला खिळलेली माय सेलूला.

"साहेब, माय लय बिमार हाय. एक दिस जाऊ द्या," ती रोज विनवायची.

"सेलूत पाय ठेवायचा नाही," मी बजावलं.

मुदत संपली. तिच्या परतीच्या गाडीत कामानिमित्त मीही होतो. सेलूच्या फलाटावर लोकांनी मायला बाजेसकट आणलं होतं. बाईनं डब्याच्या दारातूनच दोन्ही हात पुढे केले. पोचले नाहीत. तिनं वळून माझ्याकडे बघितलं. मी पलीकडच्या खिडकीकडे तोंड फिरवलं.

गाडी हलली, तरी तिनं पाय खाली टेकवला नाही.

नुसती होकाराची मान हलवायची होती मला. तेवढंही झालं नाही.