आबांचा केळ्याचा लिलाव

लहान मुलाची वाढ मागे पडली असेल तर काम लवकर सुरू करावं लागतं, आणि ते मुलाआधी घरच्यांवर करावं लागतं. ही माझी नोकरी. नाशिकहून बस धरायची आणि प्रेमळ माणसांना थोडं कमी प्रेमळ व्हायला शिकवायचं.

विंचूरच्या एका घरात अडीच वर्षांची मुलगी होती. कान तपासून झाले होते, ऐकू नीट येत होतं. पण ती बोलत नव्हती, साधं बोटही दाखवत नव्हती. दाखवायची गरजही कुणी ठेवली नव्हती. तिने मान वळवली की आत्या पाणी आणायची, काका बिस्किट, आणि आबा, म्हणजे आजोबा, केळं सोलून थेट तोंडात. तिच्या आईला एकच हवं होतं: पोरीने आपण होऊन काहीतरी मागावं.

"वस्तू तिला दिसेल अशी धरा आणि थांबा," मी सांगितलं. "हात, आवाज, काहीही केलं की लगेच द्या. नाहीच केलं तर तिचा हात वस्तूला लावा आणि द्या. उपाशी ठेवायचं नाही."

"पोरीला तरसवायचं? लय कडू काम हाय, ताई."

"आबा, कांद्याच्या भावासाठी महिनामहिना थांबता," सून म्हणाली, "नातीसाठी जरा थांबा की."

पुढच्या भेटीत कळलं, थांबणं कुणालाच जमलं नव्हतं. आबा केळं दाखवायचे आणि डोळे भरून आले की देऊन टाकायचे. तिचे नाही, त्यांचे.

"तोंडाला काम द्या," मी म्हणाले. "काहीतरी म्हणत राहा, म्हणजे हात थांबेल."

आबांचा जन्म कांद्याच्या लिलावात गेलेला. त्यांनी केळं वर धरलं. "एक वार... दोन वार..." आत्या पुढे सरकली, मी तिला मागे ओढलं. "तीन वार." काही नाही. आबांनी तिचा हात केळ्याला लावला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच भाव पाडून त्यांचा माल घेतला.

मग रोज लिलाव व्हायला लागला. पुढे एकदा मी समोर बसले असताना, "दोन वार" झालं आणि पोरीने आबांचं मनगट पकडून खाली ओढलं.

"सुटला! माल सुटला!" आबा ओरडले. आई दुसरं केळं आणायला धावली.

"एकदम नको," मी तिला अडवलं. "आधी हे संपू दे."

"आता भाव वाढवू का, ताई?"

"वाढवा. आता हाताबरोबर आवाजही मागायचा."

आबांनी घसा साफ केला. "एक वार..."