धबधब्याची रंगीत तालीम

कोल्हापुरात माणसं सहलीला जात नाहीत, जेवायला जातात. जेवायला बसल्यावर आसपास डोंगर, नदी, देऊळ काहीतरी दिसतंच, म्हणून त्याला सहल म्हणायचं. हे मी उगाच म्हणत नाही. आमच्या अप्पांचा, म्हणजे वडिलांचा, दाजीपूरचा बेत मी कळायला लागल्यापासून बघत आले आहे.

अप्पा शाळेत चित्रकलेचे मास्तर. जूनमध्ये शाळा उघडली की एखाद्या रविवारी सकाळी आमच्या दोन खोल्यांतल्या पुढच्या खोलीत त्यांची बैठक बसायची. बैठकीला तिघंच. एक अप्पा. दुसरे गल्लीच्या टोकाला राहणारे चाचा. त्यांचा मांडवाचा धंदा, त्यामुळं तंबू, सतरंज्या, मोठी पातेली, कंदील आणि एक म्हातारा ट्रक, सगळं त्यांच्याकडचं. तिसरे पैलवानकाका. कुस्ती सोडून त्यांना बरीच वर्षं झाली होती, आता म्हशी राखायचे, पण अंगातली सगळी रग तांबड्या रश्श्यात उतरली होती. पेठेत कुणाकडं मटण शिजायचं असलं की आधी काकांना विचारायची पद्धत होती. न विचारता शिजवलं तर काका दारावरून जाताना नुसता वास घेऊन "मीठ कमी पडलंय" म्हणायचे आणि घरमालकाच्या तोंडची चव जायची.

बेत तसा सरळ होता. राधानगरीच्या पुढं, दाजीपूरच्या अभयारण्याच्या वाटेवर एक धबधबा आहे. तिथं तंबू ठोकायचा, रस्सा करायचा, एक रात्र राहायचं आणि परत यायचं. एवढ्यासाठी हे तिघं किती वर्षं बसत होते देव जाणे.

अडायचं कुठं? तर मटणावर. सोमवार अप्पांना चालत नाही, शनिवार काकांच्या मारुतीचा, शुक्रवारी दुपारी चाचांची नमाज, आणि उरलेल्या वारी अप्पांची शाळा. राहिला रविवार. मग महिना बघायचा. धबधबा पडणार पावसाळ्यात. आषाढात मटण चालतं, पण आषाढातला पाऊस म्हटला की चाचा ओरडायचे, "माझा तंबू कुजवतासा काय?" आषाढ संपला की श्रावण. श्रावणात अप्पा आणि काका मटणाच्या वाऱ्याला उभे राहायचे नाहीत, ते थेट गणपती पोचवूनच श्रावण सोडायचे. गणपतीत चाचांना मांडवाच्या कामातून घास गिळायला सवड नसायची. मग म्हाळाचा पंधरवडा, पितरं जेवायला येणार आणि आपण जंगलात, बरं दिसत नाही. मग नवरात्राचे उपास. दसरा उलटून सगळ्यांना सगळं चालायला लागलं की कुणीतरी सुस्कारा टाकून म्हणायचं, "आता कुठला धबधबा? खडकाला नुसती ओल ऱ्हायली असंल." बाजारात तुरी आणि आमच्या घरात भांडणं, असला प्रकार होता.

त्यात काकांची एक अट होती. ओल्या लाकडावर, उघड्या रानात रस्सा करायचा म्हणजे खेळ नव्हे, त्यामुळं आधी रंगीत तालीम पाहिजे. ती मात्र दर आषाढात न चुकता व्हायची. चाचांच्या मांडवाच्या गोदामापुढं मोकळी जागा होती, तिथं तंबू ठोकायचा, तीन दगडांची चूल, आत सतरंजी, दांडीला कंदील. काका रस्सा करायचे, अप्पा तंबूच्या दारात बसून चव बघायचे, चाचा "वा वा" म्हणायचे. भाकऱ्या आमच्या घरातनं जायच्या. वास सुटला की अर्धी गल्ली वाडगं घेऊन हजर. दुसऱ्या दिवशी तिघं असे तृप्त असायचे की धबधबा बघून आल्यासारखं वाटावं. आणि तालीम झाली की सहलीचं घोडं पेंड खायला मोकळं.

माझी आई हे सगळं आतून ऐकायची. ती गडहिंग्लजकडची. लग्न होऊन आली ती थेट चावीच्या रांगेत. आमच्याकडं नळाला चावी म्हणतात. आमच्या गल्लीला एकच चावी होती, पाणी पहाटे यायचं आणि त्याच्या मर्जीनं जायचं. घागरी आदल्या रात्रीच रांगेत लावून ठेवायच्या आणि पहाटे आपल्या घागरीजवळ जाऊन उभारायचं, नाहीतर कुणीतरी पायानं मागं ढकललीच म्हणून समजा. आईची घागर कुणी ढकललेली मला आठवत नाही. त्या बाबतीत तिची कीर्ती होती. घरातही तिचा कायदा कडक. तांदूळ धुतलेलं पाणी झाडाला, भाजी धुतलेलं पाणी अंगणात. तोंड धुताना माझा तांब्या जरा जास्त वाकडा झाला तर आतून आवाज यायचा, "पंचगंगा तुझ्या बाच्या नावावर हाय व्हय गं?"

मी आठवीत होते त्या वर्षीची गोष्ट. बैठक बसली होती. चाचांनी त्या धबधब्यापाशी एकदा कुठल्याशा साहेबांसाठी तंबू लावला होता, त्यामुळं तिघांत तो प्रत्यक्ष पाहिलेला माणूस तेवढाच. ते सांगत होते, "मास्तर, काय पाणी! शेजारी उभारून वरडलं तरी ऐकू येत न्हाय. दिवसरात चालूच. कोण भरत न्हाय, कोण बंद करत न्हाय."

आई चहा घेऊन दारात आली होती, ती तिथंच थांबली. "कोणच भरत न्हाय?" तिनं विचारलं.

"कोण भरणार वैनी? जंगल हाय ते."

"आन् एवढं सगळं तसंच वाहून जातंय?"

"जातंय की."

आईनं कपबश्या खाली ठेवल्या आणि पदराला हात पुसत म्हणाली, "औंदा मी बी येणार."

तिघंही एकदम चहा प्यायला लागले. मग अप्पा म्हणाले, "अगं, बायकामाणसांनी कुठं जंगलात ऱ्हायचं? तंबूत झोपायचं असतंय." काकांनी जोड दिली, "वैनी, तिथं गवे येत्यात."

"गवे काय बायकांनाच धरत्यात व्हय?"

चाचा हसले आणि ठरलं की औंदा वैनी येणार, पोरगी पण येणार, आणि आषाढातला शेवटचा रविवार पक्का. तंबू कुजला तर कुजला, असं चाचा स्वतःच्या तोंडानं म्हणाले.

त्यानंतर आई जी बदलली, तशी ती मी कधी पाहिली नव्हती. भाकरी थापता थापता थांबायची आणि मला विचारायची, "किती उंचावरनं पडत असंल गं? आपल्या शाळंएवढं?" मला काय माहीत, मी म्हणायचे, "जास्त." मग ती परत थापायला लागायची. चावीवर बायकांना सांगून झालं. नवं लुगडं नेऊ की जुनं, यावर मला दोनदा विचारून झालं. आईला आपल्यासाठी काही मागताना मी पहिल्यांदाच बघत होते, आणि मला आतून भीती वाटत होती की हे लोक तिचा बेत खाऊन टाकणार.

तसंच झालं. ठरलेल्या रविवारच्या आदल्या रविवारी काकांनी रंगीत तालीम काढली. औंदा बायका पण येणार, म्हणून तालीमही मोठी. आईनं टोपलीभर भाकऱ्या केल्या. रस्सा असा झाला की सगळी गल्ली वाडग्यावर वाकली. वाकली ती वाकली, आणि सहलीसाठी म्हणून आई-काकींनी उन्हाळ्यात डंकावर, म्हणजे मिरची कुटायच्या गिरणीत, कुटून वेगळी ठेवलेली रश्श्याची चटणीही त्यातच संपली. काकांनी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. पावसात तंबू भिजला, तो वाळेना. शेवटचा रविवार उजाडला तेव्हा अप्पा पुढच्या खोलीत कान खाजवत उभे होते.

"काय हाय," ते म्हणाले, "काकाचा घसा बसलाय. चटणी पण न्हाय ऱ्हायली. आन् परवापासनं श्रावण लागतोय. पुढच्या वर्षी नक्की."

आई भांडं आपटेल म्हणून मी वाट बघितली. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. तिनं बाहेर काढलेलं लुगडं घडी करून ट्रंकेत ठेवलं आणि तालमीच्या काजळीनं अजून काळी असलेली पातेली परत घासायला बसली, बादलीतल्या मोजक्या पाण्यात. मला अप्पांचा असा राग आला होता, की दिवसभर मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते कळलंसुद्धा नाही.

श्रावण लागून आठवडाभर झाला असेल. संध्याकाळी तिघं ओट्यावर बसून पुढच्या वर्षीचं बोलत होते. माणसाची चिकाटी बघा! आई दारात येऊन म्हणाली, "येत्या रविवारी मी धबधब्याला जाणार हाय. चाची येत्यात, काकी येत्यात. येष्टीनं जाणार."

अप्पा दचकलेच. "आता? श्रावणात?"

"मग? पाणी थांबतंय व्हय श्रावणात?"

"तसं न्हवं गं. पण श्रावणात मटण..."

"अवो, धबधबा काय मटण मागतोय व्हय?"

तीन मोठी, शहाणी, पेठेत मान असलेली माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसली. इतक्या वर्षांत हा मुद्दा बैठकीत आलाच नव्हता. मग चाचा मांडीवर थाप मारून हसायला लागले. "आयला मास्तर! हे आपल्याला कसं सुचलं न्हाय?" आणि आईला म्हणाले, "वैनी, येष्टी बिष्टी काय न्हाय. ट्रक माझा. तंबू पण वाळलाय."

काका मात्र हळहळत होते. "पण मग खायाचं काय?"

"पिठलं," आई म्हणाली. "लई भूक लागली तर दोनदा पिठलं."

रविवारी सकाळी ट्रक निघाला. सोमवारी पतेतीची सुट्टी होती, म्हणून अप्पांना शाळेचंही कारण उरलं नव्हतं. मागं ताडपत्रीखाली आम्ही सगळे, तंबू, पातेली, पिठाचा डबा. आणि आईच्या मांडीशी तिची पितळी घागर. अप्पांना राहवलं नाही. "अगं, धबधब्याला कुणी घागर नेतंय का? माणसं हसतील."

"हसू देत."

"तिथं चावी न्हाय, रांग न्हाय. कशाला पायजे?"

"असू दे म्हटलं न्हवं का!" आई अशी म्हणाली, की अप्पा राधानगरी येईपर्यंत भोगावती नदीकडं बघत बसले.

एका शेतकऱ्याच्या बांधावर त्याला विचारून तंबू ठोकला. तालीम इतक्या वर्षांची, त्यामुळं तंबू मात्र बघता बघता उभा राहिला, ते श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. चाची आणि काकी सतरंज्या घालायला लागल्या. काकांनी चुलीचा ताबा घेतला आणि पिठल्याला रश्श्याचा आव आणून हुकूम सोडायला सुरुवात केली. आई म्हणाली, "मी जाऊन येतो." घागर कडेवर घेतली आणि आवाजाच्या दिशेनं निघाली. मी आणि अप्पा मागं.

वळणावरून तो दिसला. शाळेपेक्षा उंच, पांढराशुभ्र. काही बोलायची सोयच नव्हती, ऐकू येत नव्हतं. आई उभी राहिली. मग लुगडं खोचून पाण्यात उतरली, बाजूच्या एका धारेखाली घागर धरली. घागर भरायला वेळच लागला नाही. आईनं भरलेल्या घागरीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि सगळी घागर खडकावर ओतून दिली.

परत भरली. परत ओतली. एका अंगानं भिजत, हसत, भरायची आणि ओतायची. जी बाई तांब्या वाकडा झाला तर आतून ओरडायची, ती घागरीच्या घागरी सांडत होती. मला हसायला आलं, मग रडायला आलं, मग दोन्ही.

अप्पा काठावर चपला हातात धरून उभे होते. जरा वेळानं चपला माझ्याकडं देऊन तेही उतरले. आईच्या हातातनं घागर घेतली, भरली, आणि ओतायला तिच्या हातात दिली. परत भरली. मास्तरकीचा सदरा पार भिजला. आई काहीतरी ओरडली ते मला ऐकू आलं नाही. तंबूकडं परतताना अप्पांनीच सांगितलं, जरा खाली बघत. "म्हणाली, घरात कधी एक घागर तरी भरून दिलीसा का?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार! ऐकू आलं न्हाय असं दाखवलं."

पिठलं उत्तम झालं होतं. काकांनी ते मान्य केलं नाही, पण तीनदा वाढून घेतलं. दुसऱ्या दिवशी ट्रक परत निघाल्यावर आई बराच वेळ मागं बघत होती. मग म्हणाली, "आत्ता पण पडत असंल न्हाय ते?"

"पडत असंल की," अप्पा म्हणाले. "तिथं बंद करायला कोण बसलंय?"

मंगळवारी पहाटे चावीवर नेहमीची रांग. मी आईबरोबर गेले होते. पुढची शेजारीण भरून गेली, आता आमचा नंबर, तेवढ्यात मागच्या एकीनं आपली घागर हळूच आमच्या पुढं सरकवली. सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. आता आई काय करते ते बघायला एक जण तर दारातनं बाहेर आली.

आईनं त्या घागरीकडं बघितलं. "भर बाई, तू आधी भर," ती म्हणाली. "लई पाणी हाय जगात."

त्या बाईला कसनुसं झालं. तिनं घागर मागं घेतली, आईनं ती परत पुढं ओढून चावीखाली ठेवली आणि स्वतःच चावी चालू केली. रांगेतल्या बायका आमच्याकडं अशा बघत होत्या, जसं काही आईला काहीतरी झालंय.

बुधवारी त्याच बाईनं परत तसंच करून बघितलं. आईनं तिची घागर पायानं अशी मागं लोटली, की ती गटारापर्यंत घरंगळत गेली. घागर आणायला धावलेल्या माणसाला पाहून मात्र सगळी रांग हसायला लागली. ते आमचे अप्पा होते. आयुष्यात पहिल्यांदा पहाटे उठून, दुसरी घागर घेऊन, रांगेत सगळ्यात शेवटी येऊन उभे राहिले होते.